क्यूची टिप: सॉफ्ट, मीडियम की हार्ड? ड्रॉ काही केल्या बसत नाहीये

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी,

दीड वर्षापासून पूल खेळतोय. आधी ऑफिस सुटल्यावर मित्रांबरोबर कधीमधी, आता आठवड्यातून चार संध्याकाळी घराजवळच्या पार्लरमध्ये असतो. गेल्या दिवाळीच्या बोनसमधून स्वतःची क्यू (खेळायची काठी) घेतली. दोन तुकड्यांची, मेपलचा शाफ्ट (पुढचा भाग), टोकाला १३ मि.मी.ची चामड्याची टिप. पार्लरच्या वाकलेल्या क्यूंना कंटाळलो होतो, म्हणून बरेच दिवस पैसे बाजूला टाकत होतो.

अडचण अशी की ड्रॉ बसत नाही, म्हणजे व्हाईट (आपण मारतो तो पांढरा बॉल) समोरच्या बॉलला लागून मागे येत नाही. समोरचा बॉल दोन फुटांवर असला तर व्हाईट कसाबसा वीतभर मागे येतो. चार फुटांवर असला की जागच्या जागी थांबतो, नाहीतर पुढेच सरकतो. आणखी खाली मारायला गेलो की मिसक्यू, टिप बॉलवरून घसरते. काल एका गेममध्ये तीन झाले. तिसऱ्या वेळी व्हाईट उडून शेजारच्या टेबलाखाली गेला. क्यू खोलली, पिशवीत भरली आणि घरी आलो.

पार्लरमधल्या एकाचं म्हणणं, सॉफ्ट टिप लाव, स्पिन आपोआप येईल. दुसरा म्हणतो, सॉफ्ट महिन्याभरात पसरते, हार्डच लाव. माझी टिप क्यूबरोबर आली तीच आहे, कुठली ते तिच्यावर लिहिलेलं नाही. दुकानात गेलो तर सुपर सॉफ्ट, सॉफ्ट, मीडियम, हार्ड, वर पुन्हा लेयर्ड आणि सिंगल पीस. एका भारी लेयर्ड टिपेच्या पैशात साध्या टिपा मूठभर येतात.

कुठली घेऊ? आणि टिपेने खरंच एवढा फरक पडतो का?

आठवा_शेवटी

लेयर्ड मीडियम. सहा वर्षं तीच वापरतोय, दुसरी लावावीशी वाटली नाही.

चॉकधूळ

माझं मत सॉफ्टला. मी आधी हार्ड वापरायचो. बॉल लागला की टक्कन आवाज, हाताला झिणझिण्या आणि ड्रॉ जेमतेम. गेल्या वर्षी सॉफ्ट लावली आणि पहिल्याच दिवशी व्हाईट अर्ध्या टेबलावरून मागे आणला. मऊ टिप बॉलला क्षणभर धरून ठेवते, त्यामुळे स्पिन जास्त लागतो. माझ्या ओळखीतले चांगले खेळणारे बहुतेक सगळे सॉफ्टवाले आहेत. बिनधास्त घे.

गिमखान्याचा_कट्टा

मी मूळचा स्नूकरवाला. डेक्कनवर चाळीसेक वर्षांपूर्वी शिकलो. तेव्हा टिप निवडायचा प्रश्नच नव्हता. मार्करकाकांकडे (मार्कर म्हणजे टेबल सांभाळणारे, गुण मांडणारे) निळसर एल्क मास्टर टिपांची डबी असायची, त्यातली ते देतील ती आपली. पण ते डबीतली कुठलीही उचलून देत नसत. एकेक टिप फरशीवर टाकायचे आणि कान देऊन आवाज ऐकायचे. ज्यांचा आवाज भरीव येई त्या एका बाजूला, पोचट आवाजाच्या दुसऱ्या बाजूला. एकाच डबीतल्या पन्नास टिपा, पण सगळ्या सारख्या कधीच नसायच्या. चामडं आहे ते. एकाच जनावराच्या पाठीचं आणि पोटाचं चामडंसुद्धा सारखं नसतं.

म्हणून डबीवर लिहिलेल्या सॉफ्ट-मीडियमवर पूर्ण भरवसा ठेवू नका. सगळ्या कंपन्यांना लागू होईल असं एकच मोजमाप नाही. एकाची मीडियम ती दुसऱ्याची हार्ड निघू शकते. लेयर्ड टिपेत पातळ चामड्याचे थर एकावर एक चिकटवलेले असतात. त्यामुळे एका टिपेत आणि दुसऱ्या टिपेत फरक कमी पडतो आणि ती पसरतेही कमी. जास्तीचे पैसे पडतात ते त्या एकसारखेपणाचे. कामुईसारख्या जपानी टिपा डुकराच्या चामड्याच्या थरांच्या असतात.

आणखी एक सांगतो. स्नूकरवाल्यांचं ऐकून पूलची टिप घेऊ नका. आमची टिप साडेनऊ-दहा मि.मी.ची, बॉल ५२.५ मि.मी.चा. तुमची टिप तेरा मि.मी., बॉल ५७.१५ मि.मी.चा आणि वजनालाही जास्त. शिवाय पूलमध्ये त्याच क्यूने ब्रेकही (बॉल फोडायचा पहिला जोरदार शॉट) मारतात. आम्हाला सॉफ्ट मानवते म्हणून तुम्हालाही मानवेल असं नाही.

भोसरी_शिफ्ट

मी मेकॅनिकलवाला, त्यामुळे "धरून ठेवते" यावर थोडं लिहितो. चॉकधूळ यांचा अनुभव खरा आहे. त्याचं कारण मात्र मला वेगळं वाटतं.

चामड्याची टिप आणि व्हाईट एकमेकांना चिकटलेले असतात साधारण एक मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. टिप मऊ असली तर हा वेळ थोडा वाढतो, हे खरं. पण तेवढ्यात टिप बॉलबरोबर फार तर दोन-चार मि.मी. पुढे जाते. हाताला धक्का जाणवून मेंदूला कळेपर्यंत बॉल केव्हाच निघून गेलेला असतो. मऊ टिपेचा हाताला जो "फील" येतो तो शॉट संपल्यानंतरचा.

मग स्पिन कशाने ठरतो? टिप बॉलच्या मध्यापासून किती दूर लागली यावर आणि शॉटच्या वेगावर. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातले मेकॅनिकलचे प्राध्यापक डेव्हिड अल्सियाटोर यांनी हाय-स्पीड कॅमेरा लावून याचा बराच अभ्यास केलाय. टिप घसरत नाही तोवर, त्याच जागी त्याच वेगाने मारलं तर मऊ आणि कडक टिपेच्या स्पिनमध्ये दखल घ्यावी असा फरक पडत नाही. मध्यापासून बॉलच्या त्रिज्येच्या साधारण निम्म्यापर्यंत मारता येतं. त्यापलीकडे कुठलीही टिप घसरते, मग ती सोन्याची लावा.

कडकपणाने बदलतो तो वेग. मऊ टिप दबते आणि थोडी ऊर्जा स्वतःत जिरवते. कडक टिप तेवढ्याच हाताच्या झटक्यात बॉलला जास्त वेग देते. म्हणून हार्डवरून सॉफ्टवर आलेल्या माणसाचे लांबचे शॉट पहिले काही दिवस तोकडे पडतात आणि सॉफ्टवरून हार्डवर आलेल्याचा व्हाईट हवा त्यापेक्षा पुढे जातो. दोघांनाही वाटतं टिप वाईट आहे. खरं तर हाताला अजून नव्या वेगाची सवय झालेली नसते.

आता कर्वेनगरकरांच्या प्रश्नाकडे. "चार फुटांवर व्हाईट जागच्या जागी थांबतो" हे तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. तुमचा बॅकस्पिन (उलटा फिरका) लागतोय. पण व्हाईट कापडावर घासत जातो, तसतसा तो स्पिन वाटेत झिजतो. चार फुटांवर पोचेपर्यंत शून्य होतो, म्हणून बॉल समोरच्याला धडकून थांबतो. आणखी थोडं अंतर असतं तर तो पुढे लोळायला लागला असता. याचा अर्थ एकतर टिप तुम्हाला वाटते तेवढी खाली लागत नाहीये, नाहीतर वेग कमी पडतोय. यात टिपेच्या कडकपणाचा वाटा मला फारसा दिसत नाही.

आणि एक विचारतो: तुमच्या पार्लरमधला व्हाईट मूळ सेटमधलाच आहे का? नियमाने पूलचा बॉल १५६ ते १७० ग्रॅमच्या मधे असतो. बऱ्याच ठिकाणी व्हाईट हरवला की मिळेल तो आणून ठेवतात. तो बाकीच्यांपेक्षा जड असेल तर समोरच्याला धडकूनही पुढे रेटत जातो आणि ड्रॉ अवघड होतो.

चॉकधूळ

भोसरी_शिफ्ट, वाचलं, पटतंय असं वाटतं, पण मग माझा व्हाईट त्याच दिवशी मागे कसा आला? हात तोच, टेबल तेच. फक्त टिप बदलली होती.

भोसरी_शिफ्ट

जुनी हार्ड टिप किती वापरलेली होती? वरून चकचकीत झाली होती का?

चॉकधूळ

दोन वर्षं. हो, काचेसारखी चमकायची. टिप घसरू नये म्हणून लावतो तो चॉकही शेवटी शेवटी निम्मा खाली पडायचा.

भोसरी_शिफ्ट

तेच असावं. तुम्ही जुन्या, गुळगुळीत, चॉक न धरणाऱ्या टिपेवरून नव्या, खरखरीत, चॉक धरणाऱ्या टिपेवर आलात. मिसक्यूची भीती गेली म्हणून नकळत खाली मारायला लागलात. त्या दिवशी नवी हार्ड टिप नीट घासून लावली असती तरी व्हाईट मागे आला असता, असं मला वाटतं. सॉफ्टच्या बाजूने एक गोष्ट मात्र नक्की आहे: मऊ चामडं चॉक चांगला धरतं. कडक टिपेकडे जरा जास्त लक्ष द्यावं लागतं, तिला पुन्हा पुन्हा खरखरीत करावं लागतं. नवीन माणूस तेवढं लक्ष देत नाही, म्हणून त्याला हार्ड देऊ नये.

चॉकधूळ

हे असं असेल तर माझी जुनी टिप मी उगाच फेकली. सॉफ्टला एक त्रासही आहे, तो आधीच सांगायला हवा होता. पहिल्या दोन महिन्यांत कडा बाहेर येऊन छत्री झाली होती, दोनदा कापावी लागली. सिंगल पीस होती.

तिरपी_नजर

कर्वेनगरकर, नवी टिप घेण्याआधी जुनी नीट बघा. मी कोथरूडला मुलामुलींना शिकवते आणि "ड्रॉ बसत नाही" म्हणून येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांची टिप सपाट झालेली असते.

क्यू उजेडाकडे धरा आणि टिप बाजूने बघा. वर घुमटासारखी गोलाई दिसायला हवी. आपलं नवं, छोटं रुपयाचं नाणं घ्या आणि ते उभं धरून त्याची कड टिपेच्या शेजारी लावून बघा. दोन्ही गोलाया साधारण जुळल्या पाहिजेत. अमेरिकेत लोक यासाठी त्यांचं निकेलचं नाणं वापरतात, तेही २१ मि.मी.च्या आसपासचं. आपला रुपया जवळपास तेवढाच, त्यामुळे काम होतं. टिप सपाट असेल तर खाली मारताना बॉलला मधला भाग लागत नाही, कड लागते. कडेवर चॉक नसतो. झाला मिसक्यू.

दुसरं, टिपेवर अंगठ्याचं नख ओढा. चामडं खरखरीत लागलं तर ठीक. नख काचेवरून घसरल्यासारखं सरकलं तर ती टिप चॉक धरणार नाही.

तिसरं काम पार्लरमध्ये करा. गर्दी नसताना, दुपारी. पट्ट्याचा एखादा बॉल व्हाईटच्या जागी ठेवा, पट्टा आडवा, टेबलाला समांतर. टिपेला भरपूर चॉक लावा आणि समोर काहीच न ठेवता ड्रॉचा शॉट मारा. मग बॉल उचला आणि चॉकचा ठिपका कुठे उमटलाय ते बघा. पट्ट्याची रुंदी बॉलच्या निम्मी असते. त्यामुळे पट्ट्याची खालची कड म्हणजे साधारण तुमची हद्द. भोसरी_शिफ्ट म्हणतात ती निम्मी त्रिज्या तीच. ठिपका त्या कडेच्या किंचित वर हवा.

मुलांना हा प्रयोग करायला लावला की आधी सगळे म्हणतात, "ताई, मी एकदम खाली मारलं." बॉल उचलला की ठिपका मध्यावर. एकीचा तर मध्याच्या वर होता. घाबरू नका, खूप जणांचं असं होतं. शॉटच्या क्षणी मागचा हात खाली येतो आणि टिप वर उचलली जाते.

हे तिन्ही करून इथे लिहा. मग टिपेचं बोलू.

पावसाळी_ब्रेक

धाग्यातच विचारून घेतो. ब्रेकसाठी वेगळी क्यू घ्यावी का? माझा एक मित्र फिनोलिक (कडक रेझिनच्या) टिपवाली घेऊन आलाय. आवाज एवढा येतो की सगळे वळून बघतात.

भोसरी_शिफ्ट

जमत असेल तर घ्या. ब्रेकला वेग हवा, स्पिनशी फारसा संबंध नसतो. तिथे कडक टिपेचा फायदा खरा आहे. रोजच्या चांगल्या लेयर्ड टिपेने आठवड्यात शंभर ब्रेक मारले तर ती दबून कडक होत जाते, कधी थरही सुटतात. पार्लरची क्यू ब्रेकला आणि स्वतःची बाकी गेमला, असं केलं तरी चालेल. पैसे खर्च करायलाच हवेत असं नाही. स्पर्धेत खेळणार असाल तर मात्र आधी नियम बघा. जागतिक पूल संघटनेच्या नियमात टिप चामड्याची किंवा तंतुमय वा लवचिक पदार्थाची हवी आणि तिची रुंदी १४ मि.मी.च्या आत हवी, असं आहे. दगडासारखी टिप लावून जाल आणि तिथे अडवतील.

गिमखान्याचा_कट्टा

मधेच थोडी जुनी गोष्ट. टिप आणि चॉक दोन्ही कशासाठी आले हे बघितलं की वरची चर्चा आणखी स्पष्ट होते.

आधी काठीचं टोक नुसतं लाकडाचं होतं. मधोमध मारायचं, दुसरा उपाय नाही, जरा बाजूला मारलं की घसरायचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये चामड्याची टिप आली. तिचं श्रेय फ्रांस्वा मिंगो या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याला देतात. तो तुरुंगात असताना बिलियर्ड्सचा अभ्यास करत बसला होता. टोकाला चामडं आल्यावर पहिल्यांदा बॉलला खाली, वर, बाजूला मारता यायला लागलं. मग १८९७ मध्ये अमेरिकेत विल्यम स्पिंक्स या खेळाडूने विल्यम हॉस्किन्स या रसायनतज्ज्ञाला बरोबर घेऊन आजच्या चॉकचं पेटंट घेतलं. त्यात खडू नसतो. बारीक सिलिका आणि घासकामाला वापरतात तो कुरुंद असतो. म्हणजे पहिल्यापासून सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी चालली होती: टिप घसरू नये. मऊ-कडकचा वाद त्यानंतरचा.

आणि पुण्याबद्दल. विल्सन जोन्स इथले. १९२२ साली पुण्यात जन्मले, इथल्याच शाळांत शिकले. १९५८ मध्ये कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. कुठल्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६४ ला न्यूझीलंडमध्ये पुन्हा जिंकले. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच, १९८५ चा. आमच्या मार्करकाकांच्या तोंडी जोन्स साहेबांचं नाव आलं की ते हातातला चॉक खाली ठेवायचे.

तिरपी_नजर

काका, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. मार्करांबद्दल तुम्ही वेगळा धागा काढाच. त्यांच्याकडून शिकलेली पिढी आता थोडीच उरलीय.

कर्वेनगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण सांगितलेलं एकेक करून बघत होतो.

१. टिप सपाट आहे. रुपया शेजारी धरला तर नाण्याची कड दोन्ही बाजूंना खाली वळते, टिप मात्र सरळच राहते. कडेला चामडं फेरूलच्या (टिपेखालच्या कडक टोपणाच्या) बाहेर आलंय, बोट फिरवलं की कड लागते.

२. नख सरळ घसरतं.

३. पट्ट्याचा प्रयोग केला. दहा शॉट मारले. सात ठिपके पट्ट्याच्या आत, जवळजवळ मध्यावर. दोन मध्याच्या वर. एकच खालच्या कडेजवळ होता आणि तो मिसक्यू झाला होता. मला शपथेवर विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं की दहाही खाली मारलेत.

४. व्हाईट. पार्लरच्या मालकांना विचारून व्हाईट आणि एक रंगीत बॉल समोरच्या किराणा दुकानात नेला. दुकानदाराने इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले. रंगीत १६४ ग्रॅम, व्हाईट १७७. मालकांनाही माहीत नव्हतं. आता दुसरा बघतो म्हणाले.

आता सांगा, नवी टिप लावू की आहे तीच नीट करू?

तिरपी_नजर

फेरूलच्या वर चामडं किती उरलंय? दोन मि.मी.पेक्षा जास्त असेल तर आधी तीच घासून गोल करा आणि पंधरा दिवस खेळा. त्याहून कमी असेल तर बदला.

मागच्या हाताचं म्हणाल तर शॉट मारल्यावर टिप कापडाला टेकून तिथेच थांबली पाहिजे. उचलू नका. समोरच्या हाताचा, क्यू ज्यावर टेकते तो आधार खाली घ्या, तळहात टेबलाला चिकटवा. बट (क्यूचं मागचं टोक) उचलून क्यू तिरकी करून खाली मारू नका, क्यू शक्य तेवढी आडवीच राहू द्या.

कर्वेनगरकर

पट्टीने मोजलं. दीड मि.मी.सुद्धा नाहीये. म्हणजे बदलायलाच हवी. कुणी लावून देईल का, की घरी जमेल?

बोहरी_आळी

घरी जमतं. माझ्या पहिल्या तीन टिपा वाकड्या बसल्या, चौथी जमली, आता मित्रांच्याही लावून देतो. रविवार पेठेत बोहरी आळीतून ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर आणा. बाकी नवी ब्लेड आणि जेलवालं सुपरग्लू. पातळ सुपरग्लू नको, ते चामड्यात शिरतं आणि टिप आतून दगड होते. मग सॉफ्ट घेतली काय आणि हार्ड घेतली काय.

फेरूलला दोन वेढे सेलोटेप गुंडाळा. जुनी टिप ब्लेडने थोडी थोडी कापत खाली आणा. एका फटक्यात उडवायला जाल तर फेरूलचा टवका निघतो. खाली उरलेला जुना गोंद पॉलिश पेपरने अलगद काढा, पण फेरूलचं तोंड सपाट राहिलं पाहिजे. मग पॉलिश पेपर ओट्याच्या ग्रॅनाइटवर उलगडून ठेवा आणि नव्या टिपेची खालची बाजू त्यावर गोल गोल फिरवा. चार-पाच फेऱ्यांत खालचा पृष्ठभाग एकसारखा मॅट दिसायला लागतो. कुठे चमक राहिली तर तिथे गोंद धरणार नाही.

गोंदाचा एकच थेंब. टिप ठेवली की सगळ्या बाजूंनी बघून मधोमध आणा आणि क्यू उलटी करून टिपेच्या बाजूने लाकडी पाटावर मिनिटभर दाबून धरा. रात्रभर सोडा. बरेच जण तासाभरात खेळायला जातात, तिथे घोटाळा होतो.

सकाळी क्यू तशीच उलटी पाटावर उभी धरा आणि फेरूलच्या बाहेर आलेलं चामडं ब्लेडने फेरूलपासून पाटाकडे कापत जा. मग बाजू ४००ने, नंतर ६००ने घासा, फेरूलवरचा टेप तसाच ठेवून. शेवटी बोटाला पाणी लावून टिपेची बाजू, फक्त बाजू, ओलसर करा आणि कोल्हापुरी चपलेच्या जुन्या पट्ट्याने जोरात घासा. मी आजोबांच्या चपलेचा पट्टा यासाठीच जपून ठेवलाय. हाताला गरम लागेपर्यंत घासलं की बाजूचं चामडं काळपट चमकायला लागतं. ही बाजू कडक झाली की टिप पसरत नाही. वरची बाजू मात्र खरखरीत ठेवा. गोलाई रुपयाला लावून बघत बघत करा.

कुठली घ्यावी याबद्दल माझंही मत मीडियम. बजेट असेल तर लेयर्ड, नसेल तर साधी सिंगल पीस चांगली बघून घ्या. ट्रायँगल, ल प्रो आणि एल्क मास्टर या टिपा एकाच अमेरिकन कंपनीच्या. पहिल्या दोन जरा कडक बाजूच्या, एल्क मास्टर मऊ.

आठवा_शेवटी

बोहरी_आळी, जेलचं आज कळलं. इतकी वर्षं पातळच लावत होतो.

सिंहगडरोडी

पावसाळ्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवा एवढी दमट असते की चामडं ओल धरतं, टिप नेहमीपेक्षा मऊ लागते. कापडही ओलं होतं आणि जड चालतं. खिडक्या उघड्या असलेल्या पार्लरमध्ये मे महिन्यात लागणारा वेग आणि आत्ता लागणारा वेग यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्यामुळे आत्ता नवी सुपर सॉफ्ट लावून तिच्यावर मत बनवू नका. चॉकही दमट झाला की गोळा होऊन बसतो, तो घरी कोरड्या डबीत ठेवा. क्यूच्या पिशवीत बुटांच्या खोक्यातली सिलिकाची पाकिटं टाका. आणि क्यू गाडीत सोडून जाऊ नका. माझा शाफ्ट एका पावसाळ्यात वाकला, चूक माझीच होती.

चॉक प्रत्येक शॉटला लावा. टिपेवर ठेवून गिरमिटासारखा फिरवू नका, कडेकडेने ब्रशसारखा फिरवा. ज्यांच्या चॉकला मधे खोल खड्डा पडलेला दिसतो त्यांच्या टिपेच्या कडा नेहमी कोऱ्या असतात.

कर्वेनगरकर

तीन आठवड्यांनी लिहितोय.

लेयर्ड मीडियम घेतली. पहिली टिप मी किंचित वाकडी बसवली. दुसऱ्या दिवशी तीच काढून, खालून पुन्हा घासून परत लावली. कोल्हापुरीचा पट्टा नव्हता, बाबांच्या जुन्या बेल्टने काम भागवलं. बाजू खरंच चमकायला लागली. आईने ओटा दोनदा पुसून घेतला.

पहिले चार दिवस रोज दुपारी अर्धा तास फक्त पट्ट्याचा बॉल. समोर काही नाही, पॉकेट नाही, नुसता ठिपका बघायचा. पहिल्या दिवशी दहात दोन जागेवर. चौथ्या दिवशी दहात सहा. तिरपी_नजर यांनी सांगितलं तसं टिप कापडाला टेकवून थांबायला लागलो, त्यानेच सगळ्यात जास्त फरक पडला. मालकांनी व्हाईट बदलला, १६५ ग्रॅमचा आहे.

परवा चार फुटांवरून व्हाईट दीड फूट मागे आला. सलग तीनदा. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी विचारलं, "टिप बदललीस का रे?" मी हो म्हणालो आणि मग पट्ट्याच्या बॉलचं सगळं सांगितलं. त्यांनी लगेच स्वतःचा करून बघितला. त्यांचाही मध्यावर.

मिसक्यू पूर्ण गेलेले नाहीत. गेल्या शनिवारी अकरा गेममध्ये एक झाला, चॉक लावायला विसरलो होतो.

चॉकधूळ, तुमची सॉफ्टही एकदा मारून बघायची आहे. शनिवारी संध्याकाळी सातला असतो मी. येताय का?

चॉकधूळ

येतो. मीही मीडियम आणलीय, अजून डबीतच आहे. बोहरी_आळी, तुम्ही आलात तर लावून घेईन.

बोहरी_आळी

पट्टा घेऊन येतो. रात्रभर सोडावी लागेल हे लक्षात ठेवा, त्या दिवशी तुम्ही जुन्यानेच खेळायचं.